पायरीवरचं टपाल

पोस्टमन प्रशांत कांबळे दारात आला की सर्जेरावआण्णा आतूनच ओरडत, “ठेव पायरीवर!” मग तांब्यातलं पाणी शिंपडूनच पत्र उचलत. बौद्ध वस्तीतल्या माणसाचा हात लागलेला ना त्याला! त्या पाण्याची प्रशांतला शिसारी यायची.

शेवटी तो सांगलीच्या नव्या इंटरनेट केंद्रात गेला. तिथून मजकूर धाडला की पुण्याचा वकील नोटीस छापून रजिस्टर टपालाने पाठवायचा. प्रशांतने आण्णांच्या नावे नोटीस काढवली. ‘टपालावर पाणी शिंपडणे तत्काळ बंद करावे, अन्यथा फिर्याद दाखल होईल.’ गावाचा पोस्टमन प्रशांतच, म्हणून नोटीसही त्यानेच नेऊन दिली.

आण्णांनी तिच्यावरही पाणी शिंपडलं, मग वाचली. तोंड कडू झालं. “थेट वकील व्हय रं?”

दुसऱ्या दिवशी फाटकाला पत्र्याची कोरी टपालपेटी टांगलेली. प्रशांतने पत्र आत टाकलं आणि हलक्या मनाने सायकल वळवली. तोच मागे पाण्याचा आवाज झाला. आण्णा पेटीवर तांब्या उपडा करत होते.

“बघतोस काय गड्या? नोटिशीत टपाल लिवलंय. पेटी न्हाई.”