म्हाळाचं पान

साठी उलटलेला तो पाहुणा फाटकातूनच परत फिरत होता, पण जितेंद्रने त्याला हटकलंच.

"आता जेवनच जावा, काकानू. एक माणूस कमी पडलो, पान रिकामा रवता."

आचऱ्याच्या त्या घरी म्हाळ होता. जितेंद्रच्या वडिलांच्या, भिकाजीच्या नावाने दरवर्षी पानावर बसणारे शेजारचे बाबूकाका तापाने फणफणले होते, आणि पितराचं पान रिकामं ठेवू नये. पाहुणा नाही नाही म्हणत राहिला, तोवर त्याच्या हातावर पाणी पडलंसुद्धा. कोकणात जेवणाला नाही म्हणता येतं, पण ते ऐकून घेणारं कोणी भेटत नाही.

पंगत बसली. समोर भिंतीवर भिकाजीचा फोटो, ऐन पंचविशीतला, दाट मिशांचा. वडे वाढता वाढता जितेंद्र सांगत होता. बाबांची होडी बुडाली तेव्हा तो आईच्या पोटात होता. बारा वर्षं वाट बघून घरच्यांनी शेवटी दर्भाचा पुतळा जाळला. तेव्हापासून म्हाळ चुकलेला नाही, आणि कावळाही असा शहाणा की पान ठेवायचा अवकाश, शिवतो. म्हणजे बाबा सुखातच असणार.

पाहुण्याने उचललेला घास परत पानात ठेवला.

भिकाजी बुडाला नव्हता, हे त्या पंगतीत त्याला एकट्यालाच ठाऊक होतं. मालपेच्या बंदरात भिकाजीने दुसरा संसार थाटला होता, आणि तो सुखाचा झाला होता. तेच सांगायला पाहुणा इतक्या वर्षांनी आचऱ्यात उतरला होता. सांगायचं, गप्प राहिल्याची माफी मागायची, मग ह्या घरच्या बाईने दारात उभं केलं नाही तरी चालेल, असं ठरवून आला होता. आता फार उशीर झाला हे त्याला कळलं, आणि स्वतःचीच लाज वाटली. त्या वेळी धीर झाला नव्हता. आज खरं बोललं तर ह्या पोराचा बाप दुसऱ्यांदा मरणार होता.

जितेंद्रची आई तुळसा डोक्यावरून पदर घेऊन वाढत होती. पाहुण्याकडे तिने एकदाही वर पाहिलं नाही. खीर मात्र न विचारता दोनदा वाढली.

जेवणं उरकली. जितेंद्र बाकीच्यांना विडे द्यायला पडवीत गेला. हात पुसत पाहुणा माजघराच्या दाराशी थांबला. गावची भाषा त्याने सकाळपासून तोंडाला लागू दिली नव्हती.

"भिकाजीबद्दल थोडं सांगायचं होतं," तो म्हणाला.

तुळसाने त्याच्या हातावर विडा ठेवला, दक्षिणा ठेवली, आणि उंबऱ्याच्या आतूनच हात जोडले. नवऱ्याचं नाव तिने जन्मात कधी तोंडाने घेतलं नव्हतं. आता घेतलं, अगदी हळू, पडवीत ऐकू जाणार नाही असं.

"भिकाजी, पितर जेवल्यार थांबणत नाय."