दोन टोकांमधले पाते

वाटणीत साऱ्याचे तुकडे झाले. पवनीच्या वर्कशॉपातली लेथ तेवढी दोघा भावांत राहिली. एक दिवस तेजरामचा, एक लिलाधरचा. बोलणे मात्र बंद. आज कामाला मागून आधार देणाऱ्या नव्या टेलस्टॉकचे टोक समोरच्या टोकाशी जुळेना. जुळणी तपासायला दोहोंमध्ये धरलेले दाढीचे पाते तिरकेच राही, आणि त्यावर नजर ठेवून तेजरामचा हात पलीकडच्या स्क्रूपर्यंत पोचेना; एका बाजूचा स्क्रू ढिला करून दुसऱ्या बाजूचा कसला तरच टोक सरके. लिलाधर येऊन पलीकडे उभा राहिला.

“मी कसतो. तू ढिला कर,” तेजराम म्हणाला.

“दरवेळी मीच कायले ढिला करू?”

“बरं बाबा, मी सोडतो. तू कस.”

पाते थरथरले, वळले आणि ध्यानस्थासारखे सरळ उभे राहिले. तेजराम श्वास रोखून पाहत राहिला.

“आज तं माहा दिवस होता. तू कायले आला?”

“काल माहा होता, दादा. एकट्यानं मलेबी नाही जुळलं.”