नऊ, एक, दोन

"जावयाने हात दाखवलाच," म्हणत पाववालीने भिंतीचा पोपडा रंगवाल्यापुढे ठेवला.

संध्याकाळी तिची लेक बाळाला घेऊन यायची होती. बाळाच्या खोलीच्या तीन भिंती झाल्या आणि रंग संपला. पुन्हा तोच हिरवा मागावा, तर तो तोच राहिला नव्हता. बाहेरच्या खोलीत गडद वाटला म्हणून जावयाने उरलेल्या रंगात परस्पर पांढरा ओतला होता. आता चौथी भिंत वेगळी निघाली, तर लेक घरात पाऊल टाकताच नाक मुरडणार. पहिलाच दिवस, आणि रुसव्याने सुरू होणार.

"ओतायच्या आधी किती उरला होता?" रंगवाल्याने विचारलं.

आठ लिटरपैकी निम्मा. त्यात पांढरा दोन लिटर. आता तीन लिटर पुरे होता.

"मग यातही पांढरा दोन लिटर घाला, झालं."

"पीठ कमी घेतलंस तर मीठ तेवढंच टाकतेस का गं?" रंगवाल्याची बायको आतून म्हणाली.

पाववालीने जीभ चावली.

रंगवाला पुटपुटत हिशेब करू लागला. मूळ मिश्रण पाच भाग पांढरा, एक निळा, दोन पिवळा. चार लिटरमध्ये अडीच, अर्धा, एक. वर दोन पांढरा, की साडेचार, अर्धा, एक. म्हणजे नऊ, एक, दोन. हे झाले सहा लिटर. तीन लिटरला सगळंच निम्मं. पांढरा सव्वादोन, पिवळा अर्धा, निळा पाव.

"पाव माझ्याकडून घ्या," पाववाली म्हणाली, पण तिचा जीव थाऱ्यावर नव्हता. "एवढं गणित कशाला, भाऊ? पोपडा आणलाय ना, बघून जुळवा की."

"ओला रंग वेगळा दिसतो, वाळलेला वेगळा. डोळे फसवतात, ताई. माप नाही फसवत."

पोपड्याकडे त्याने ढुंकूनही पाहिलं नाही. बायकोने नेहमीसारखे फळीवरचे डबे काढून एकेक पुढे सरकवले. त्याने मापं भरली, कडेला पट्टी फिरवून सारखी केली, आणि बराच वेळ ढवळत बसला. पाववाली डबा घेऊन जवळजवळ पळतच गेली.

संध्याकाळी रंगवाल्याला आणि त्याच्या बायकोला बाळ बघायला बोलावणं आलं. चौथी भिंत कुठली, हे कळायला मार्ग नव्हता. लेक पलंगावर टेकून म्हणाली, या खोलीतून आता हलायचंच नाही. पांढरा घालायची अक्कल आपलीच, असं जावई ज्याला त्याला सांगत होता, आणि आज त्याला कोणी अडवत नव्हतं. पाववालीने रंगवाल्याचे दोन्ही हात हातात घेतले आणि अशी नजर गावात कोणाची नाही म्हणाली. तो लाजला. भिंतीपुढे थोडा वेळ उभा राहून, मान डोलवून बाहेर आला.

कोपरा वळल्यावर त्याने हळूच बायकोला विचारलं, "खरंच जुळला ना गं? मला आपली ती भिंत आणि तुझा हा गुलाबी स्वेटर एकाच रंगाचे दिसतात."