निर्धास्त

भीती मोजणारी पट्टी निघाल्यापासून कायदाच होता: पाळीव सापाला खायला द्यायचा उंदीर निर्धास्त झाल्याशिवाय त्याला गॅस देऊन मारायचं नाही. म्हणून दुकानातल्या कमलिनीताई प्रत्येक उंदराला ओंजळीत घेऊन गप्पा मारत बसायच्या.

"आज मेथी केलीय रे. एकटीपुरतं रांधायचं म्हणजे जिवावर येतं."

उंदीर गाढ झोपला, तरी पट्टीवरचा दिवा भीतीचा लाल रंगच दाखवत होता.

"ताई, पट्टी तुमच्याच बोटाला गुंडाळलीय," काउंटरपलीकडून हेरेकर म्हणाला. त्याचा साप घरी भुकेला होता.

"अगंबाई!" ताई ओशाळून हसल्या. पट्टी उंदराच्या पायाला लावताच दिवा हिरवा झाला. त्यांनी त्याला पेटीत ठेवून गॅस सोडला. हेरेकर पुडकं घेऊन गेला.

मग कुणी पाहत नाहीसं बघून ताईंनी पट्टी पुन्हा आपल्या बोटाला गुंडाळली. दिवा लाल. पिंजऱ्यातला दुसरा उंदीर त्यांनी ओंजळीत घेतला. त्याने अंगठा हुंगला आणि मनगटाशी मुटकुळं करून तो झोपी गेला. हळूहळू दिवा हिरवा झाला.

"ताई, माझा उंदीर झाला का?" बाहेरून पुढच्या गिऱ्हाइकाने विचारलं.

"अजून घाबरलाय हो," ताई म्हणाल्या. "थोडा वेळ लागेल."