सूर्य पाठीशी

धाकट्याने एकच फोटो दोन्ही सॉफ्टवेअरमध्ये उघडून शेजारीशेजारी ठेवला. बागेतल्या बाकावर बाबा आणि ताई बसले होते. म्हणजे कपड्यांवरून तेच असावेत. तोंडं काळी ठिक्कर. मागचं आभाळ मात्र नुकतंच धुऊन वाळत घातल्यासारखं पांढरंशुभ्र.

दोन्ही सॉफ्टवेअर तूर्त फुकट होती, आणि फुकट असेपर्यंत दोन्ही गुणी होती. पुढे एकाला महिन्याच्या महिन्याला भाडं, दुसऱ्याला एकदाच काय ते पैसे. आजवर धाकट्याचं जुन्या सॉफ्टवेअरच्या तीन बटणांवर भागलं होतं: फोटो कापा, फिरवा, उजळ करा. तेवढ्या भांडवलावर तो घरातला फोटोंचा जाणकार झाला होता. ओसाड गावी एरंड बळी, त्यातला प्रकार. पण ही काळी तोंडं काही त्या तीन बटणांना दाद देईनात. आणि शुक्रवारी आई निवृत्त होणार होती. निरोपाच्या कार्यक्रमात ऑफिसातले लोक हे फोटो पडद्यावर दाखवणार होते.

"भाड्याच्या घरात खिळासुद्धा ठोकता येत नाही," ताई म्हणाली. "एकदाचे पैसे दे आणि मोकळा हो."

"पण तोंडं भाड्याचंच उजळतंय. हे बघ, बाबांना नाक आलं."

"मलाही आलं की. माझं राहिलं असतं तरी चाललं असतं."

पलीकडे पलंगापाशी आई चादरींच्या घड्या घालत होती. धाकट्याने खुर्ची न वळवताच तिला सुनावलं, "आई, तुला कॅमेरा कधी कळलाच नाही बघ. सूर्य आपल्या पाठीशी घ्यायचा, म्हणजे उजेड समोरच्याच्या तोंडावर पडतो. पहिला धडा आहे हा."

"ठाऊक होता की," आई म्हणाली. "आधी तसेच काढायचे. पण मग माझी सावली यायची फोटोत. तूच वैतागायचास, आई, प्रत्येक फोटोत तुझा हा डाग कशाला? मग मी फिरून उभी राहायला लागले." तिने चादरीचं एक टोक हनुवटीखाली धरलं आणि दोन्ही हातांनी बाकीची सरळ केली. "सावली गेली. तोंडं काळी पडतात, हे कॅमेऱ्याच्या त्या एवढ्याशा पडद्यात मला काय दिसणार?"

ती तक्रारीच्या सुरात बोलली असती तर बरं झालं असतं; उलट उत्तर तरी देता आलं असतं. धाकटा उगाचच माऊस पुसत बसला.

ताईने मात्र टाळी वाजवली. "अरे, म्हणजे आई आहे की फोटोत! मी सकाळपासून शोधतेय. तिचा निरोप, आणि तीच एकाही फोटोत नाही. ते सावलीवाले उघड. तो समुद्रावरचा उघड."

"तो तितकासा बरा नाही आला."

"उघड रे."

ओली वाळू, बाबा, पुढचे दात पडलेली ताई. दोघंही गुडघ्यांपर्यंत. तिथे फोटो संपला होता.

"आमचे पाय कुठायत?"

"कापले."

"आणि आई?"

"पायांबरोबरच."

"मग आण परत. जाणकार ना तू?"

"नाही येत. नव्यात वरून काहीही करा, मूळ फोटो शाबूत राहतो. जुन्यात कापून जतन केलं की मूळच जातं." हेच वाक्य त्याने सकाळी नव्या सॉफ्टवेअरची बाजू मांडताना मोठ्या ऐटीत ऐकवलं होतं.

"असे आणखी किती?"

"सगळेच," तो पुटपुटला. चौदाव्या वर्षी एका सुट्टीत त्याने हे समाजकार्य उरकलं होतं, आणि त्याची शाबासकीही आईकडूनच वसूल केली होती.

 

धाकट्याने भाड्याच्या सॉफ्टवेअरमध्ये फोटोची खालची कड ओढून लांब केली आणि काय भरायचं ते सांगितलं. वाळू आली. पाय आले, बाबांना कधी नव्हत्या असल्या झकास चपलाही आल्या. शेवटी वाळूवर एका बाईची सावली उमटली, उंच, सडपातळ, डोळ्यांपाशी कॅमेरा, दोन्ही कोपरं बाहेर.

"आई, इकडे ये जरा," तो म्हणाला.

आई चादर खांद्यावर टाकून आली. चष्मा वर-खाली करत तिने बराच वेळ पाहिलं.

"छान. केवढी उंच झाले मी!"

"अशीच होतीस ना?"

"अशीच." मग तिचं बोट सावलीच्या कमरेपाशी, पडद्याला न लागता थांबलं. "फक्त इथे तू होतास. वाळू टोचते म्हणून कडेवरून उतरायलाच तयार नव्हतास. एका हातात तू, एका हातात कॅमेरा. सावलीला दोन डोकी आली होती. बाबा किती हसले होते!"

धाकट्याचा हात माऊसवरून खाली आला. पडद्यावरच्या बाईने कॅमेरा दोन्ही हातांनी, अगदी निवांत धरला होता.

"मी पुन्हा करतो," तो म्हणाला. "दोघांची करून बघतो."

"राहू दे, हाच घे. हात अगदी भरून आला होता त्या दिवशी. बरं झालं, या फोटोत तरी उतरलास ते." आईने खांद्यावरची चादर काढून उलगडली. "आता ऊठ आणि हे दुसरं टोक धर. हनुवटी दुखायला लागली माझी."