साहेबांचं नेट

ऑफिसची ऑनलाइन गोळीबाराच्या गेमची स्पर्धा होती आणि आम्ही सगळे आपापल्या घरून खेळत होतो. बढतीची यादी सोमवारी लागणार होती. दुसऱ्याच मिनिटाला माझं नेट अडखळलं आणि तेवढ्यात हेडक्लार्कनी मला तीन गोळ्या घातल्या.

"हे बरोबर नाही, मला लॅग होता!" मी कॉलवर ओरडलो.

"लॅग सगळ्यांना सारखाच असतो. नाचता येईना, अंगण वाकडं!" हेडक्लार्क म्हणाले.

मेल्यावर मी नुसता बघत बसलो. थोड्या वेळाने साहेबांचा खेळाडू भिंतीकडे तोंड करून जागीच थिजला. हेडक्लार्क त्याच्या पाठीमागे पोहोचले, थबकले, त्यांनी बंदूक खाली केली आणि शेजारच्या गच्चीवर चढून स्वतःच खाली उडी टाकली. मग उरलेलेही त्याच गच्चीवर एकामागोमाग एक चढले.

साहेब जिंकले. ग्रुपवर अभिनंदनाचा नुसता पाऊस पडला.

दहा मिनिटांनी साहेब पुन्हा कॉलवर आले. "अरे, माझं तर नेटच गेलं होतं. कोण जिंकलं शेवटी?"

"तुम्हीच, साहेब!" हेडक्लार्क म्हणाले.



"हं," साहेब म्हणाले, "या वेळी जरा जडच गेलं."