छत्रीवरचा हशा

गायमुखाच्या वळणावर चंद्रप्रकाशने फियाट रस्त्याच्या कडेला घेतली आणि खाडीकडे हात करून म्हणाला, “बघ. बोरिवलीत बसून असं कधी दिसतं का?”

सुगंधाने पाहिलं नाही. ठाण्याहून निघाल्यापासून ती तोंड शिवून बसली होती. हे लक्षण बरं नाही, एवढं सात वर्षांच्या संसारात त्याला कळायला हवं होतं. पण आज स्वारी हवेत होती. सकाळच्या प्रयोगाला हाऊसफुल्लची पाटी लागली होती, जाहिरातीत लेखक म्हणून त्याचं नाव होतं आणि निर्मात्याने खुशीत येऊन एका दिवसापुरती गाडी दिली होती. बायकोला नाटक दाखवायचं आणि येताना घोडबंदरच्या रस्त्याने डोंगर, खाडी दाखवायची, असा बेत होता. नाटक दाखवून झालं होतं.

तो उतरून बॉनेटला टेकला. समोर रेतीच्या होड्या संथपणे चालल्या होत्या. सुगंधाही उतरली आणि तिने दार आपटलं. दुसऱ्याची गाडी आहे, असं तो म्हणाला. तिने दार उघडलं आणि पुन्हा आपटलं.

“तो छत्रीचा प्रवेश काढून टाक.”

नाटकाच्या दुसऱ्या अंकात एक सासरा येतो. मुलीच्या घरी जेवायची वेळ झाली की ‘माझं झालंय’ म्हणून खोटा ढेकर देतो आणि स्वयंपाकघरात कोणी नाही असं पाहून डब्यातल्या चपात्या छत्रीत लपवतो. तो निघतो तेव्हा पाऊस येतो. जावई आग्रहाने छत्री उघडून देतो आणि सासऱ्याच्या डोक्यावर चपात्या पडतात. आज त्या जागी नाट्यगृह कोसळायचं तेवढं बाकी होतं. बाल्कनीतून शिट्ट्या आल्या. चंद्रप्रकाशने अंधारात बायकोच्या गुडघ्यावर चापट मारली होती.

छत्री खरी होती. चपात्याही खऱ्या. संपाच्या पहिल्या वर्षी गिरणी बंद होती आणि लालबागच्या खोलीत सुगंधाचा धाकटा भाऊ उपाशी होता. एका दुपारी तिचे गिरणी कामगार वडील, गुणाजी, तिच्याच स्वयंपाकघरात दोन चपात्या वर्तमानपत्रात गुंडाळून छत्रीत सरकवत होते. तिने ते दाराआडून पाहिलं आणि पाऊल न वाजवता मागे फिरली. वडिलांना तिने कधी कळू दिलं नाही. सांगितलं ते फक्त नवऱ्याला, आणि सांगताना ती रडली होती.

चंद्रप्रकाशने तिला बरंच समजावलं. लेखक जगण्यातूनच उचलतो. शिवाय त्याने सासऱ्याला पोस्टमन केला होता, तोही साताऱ्याचा, मग तिच्या बापाचा संबंध आला कुठे? निर्माता प्रयोग लावत होता ते त्या छत्रीच्या जोरावर. ती काढायची तर नाटकच गुंडाळावं लागेल.

“मग गुंडाळ.”

“तुझं काय जातंय म्हणायला? इतकी वर्षं घासली मी. आत्ता कुठे लोक ओळखायला लागले, तर तुझ्या माहेरचा मान आडवा आला.”

“दोन चपात्या नेल्या तुझ्या घरातून. त्या अशा वसूल केल्यास.”

हे त्याला झोंबलं. मग त्यानेही राखून ठेवलेलं सगळं बाहेर काढलं. चाळीत वाढलेल्या माणसांना विनोद कळत नाही, इथपासून सुरुवात करून तो तिच्या भावाच्या नोकरीपर्यंत गेला. रस्त्यावरून एक ट्रक गेला तेवढा वेळ थांबला, आणि धूळ खाली बसायच्या आत पुन्हा सुरू झाला.

सुगंधा ऐकत नव्हती. तिला राग होताच, पण आता त्याहून मोठी भीती वाटत होती. बाबा गावाहून परतले की जावयाचं नाटक बघायला येणार. चाळीतल्या चार जणांना घेऊन, ठेवणीतला सदरा घालून, पुढच्या रांगेत बसणार.

“बाबा बघतील त्या प्रयोगापुरता तरी काढ,” ती म्हणाली. तिचा आवाज खाली आला होता. “मग घाल पुन्हा. मी काही बोलणार नाही.”

आवाज खाली आलेला पाहून त्याला जोर चढला.

“त्यांनी बघितलंय.”

“काय?”

“नाटक. गेल्या महिन्यात, रंगीत तालमीला. तू ड्युटीवर होतीस. मीच बोलावलं होतं त्यांना. काय केलं असेल त्यांनी? सगळ्यांत मोठ्याने हसले. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. नंतर आत येऊन त्या नटाचा हात हातात घेतला, झकास काम केलंत म्हणाले. आणि तू इथे माझं डोकं खातेयस.”

सुगंधाने मनात दिवस मोजले. गेल्या महिन्यात, तालमीच्या दुसऱ्याच दिवशी, बाबा गावी निघाले होते. घराची कौलं बघायचीत म्हणाले. कौलं तर दिवाळीतच बदलली होती. तिने वाटेत खायला चपाती-भाजी बांधून दिली, ती त्यांनी ओट्यावरच ठेवली. पोट बरं नाही म्हणाले. तेव्हापासून दोनदा निरोप धाडूनही ते आले नव्हते.

“विश्वास नसेल तर दिग्दर्शकाला विचार,” चंद्रप्रकाश म्हणाला. “माणूस एवढा हसला म्हणजे त्याला काही लागलं नाही. हे तरी कळतं ना तुला?”

सुगंधाने पहिल्यांदाच त्याच्याकडे नीट पाहिलं.

“गिरणीच्या फाटकात मुकादमाने त्यांच्या थोबाडीत मारली होती,” ती म्हणाली. “मी डबा घेऊन उभी होते. तेव्हाही बाबा हसलेच होते.”